पाठांतर

पहाटे साडेपाचला लिफ्टमध्ये
दूधवाला आधी माझ्या पाठीकडे बघतो, मग बुटांकडे.
"गावाला?"
"पारसिकला."
म्हणजे मागच्याच टेकडीवर.
त्याला पुढचं विचारायचं असतं,
पण तळमजला येतो.

सॅकमध्ये पाच किलो कोलम,
दीड किलो तूरडाळ,
आणि आईचा पितळी खल, बत्त्यासकट,
टॉवेलात गुंडाळून पाठीला चिकटवलेला.
जड वस्तू मणक्याजवळ ठेवा,
असं दुकानातला पोरगा म्हणाला होता.
त्याचा मणका बावीस वर्षांचा. माझा त्रेपन्न.
टॉवेल सैल झाला की पावलागणिक टण् वाजतं
आणि आर्टिस्ट व्हिलेजची कुत्री
काकडआरती चुकल्यासारखी धडपडून उठतात.

चढावर मोकलकाका रोज उलटे चालतात, गुडघ्यांसाठी.
त्यामुळे ते माझ्याकडे तोंड करून वर जातात.
"आज किती?"
"साडेआठ किलो."
"आणि तिकडे?"
"तिकडे अकरा. शिवाय हवा विरळ."
"मग सोपंच की. मधे यायला हवाच नाही."
स्वतःच हसतात
आणि मागे न बघता वळण घेतात.
त्यांना हा रस्ता पाठ आहे.
माझ्या पाठीला अजून व्हायचाय.

वरून दिसतं ते रोजचंच.
पाम बीचचे दिवे विझतात,
खाडीच्या कडेला रोहितांची फिकट रेघ,
शेजारची टेकडी खाणीने अर्धी कापून नेलेली.
मी घोट मोजून पाणी पिते
आणि किर्गिझ शब्द म्हणून बघते.
वाटेला जोल. आभाराला रहमत.
पाण्याला तिथे सू म्हणतात.
हे मी फक्त हेमांगीला सांगितलं.
ती प्लास्टर धरून हसली.

आम्ही दोघी जाणार होतो.
सहा महिने चढलो, उतरलो,
खारघरच्या कातळांवर हातापायांनी रांगलो,
आणि तिचा घोटा मोडला
वाशीच्या फुटपाथवर,
भेंडी घेताना.

एकदा वळणावर तांदळाची पिशवी फाटली.
सॅकच्या तळातून बारीक धार लागली होती,
मला उशिरा कळलं.
मुरुमात बसून मूठमूठ गोळा केला.
मोकलकाका पहिल्यांदाच सरळ चालत आले,
वाकले, म्हणाले,
"चिमण्यांना राहू दे थोडा."
राहू दिला.

तंबूची वाटणी झालेली होती,
तिच्याकडे कापड, माझ्याकडे काठ्या.
निघायच्या आदल्या संध्याकाळी ती कुबडी टेकत आली,
काखेत कापडाची वळकटी.
दिली नाही लगेच.
आधी म्हणाली, चहा टाक.
मग म्हणाली, चेन डाव्या बाजूला अडते, मेण लाव.
मग सोफ्यावर ठेवली
आणि तिच्यावरून हात फिरवत राहिली,
दुसऱ्याच्या मांजरावरून फिरवावा तसा.

आम्ही सॅक दामजीच्या रद्दीच्या काट्यावर टांगली.
अकरा सातशे.
"आजच्या भावाने एकशे चाळीस," दामजी म्हणाला.
परत आणून उपसली.
दुसरा स्वेटर काढला.
टूथब्रशचा दांडा अर्धा कापला.
पुस्तक काढलं, ठेवलं, काढलं.
ओव्याची पुडी हेमांगीने काढू दिली नाही.
तिने एकेक वस्तू हातात तोलून बघितली,
डोळे मिटून, भाजीवालीसारखी.

तेवीस वेळा पारसिक चढलेला तांदूळ
शेवटी कुकरला लावला,
त्याच्याच सोबतीची डाळ घालून.
खलात चार मिरी कुटली.
खल आता कुठे जाणार नाही, ओट्यावर राहील.
ताटं मांडीवर घेऊन जेवलो.
बोलायचं ते फ्रीजवर चिकटवलं होतंच,
झाडांचं पाणी, गॅसचा नंबर, किल्ली.

तिसऱ्या घासाला तिच्या दाताखाली कचकन काही आलं.
ती थांबली. जिभेने चाचपलं.
"पारसिक," म्हणाली,
आणि गिळून टाकलं.