सोळा पानं

सावद्याच्या स्टेशनामागे, केळीच्या वखारीत
सुपडूआप्पा राखणीला असायचा.
दार शेणानं लिंपलेलं, आत गवऱ्यांची धुरी.
सोमवारी हिरवे घड आत जायचे,
गुरुवारी दार फोडलं की पिवळा वास
थेट मालधक्क्यापर्यंत.

त्याच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं,
कुण्या गोऱ्या गार्डानं ब्रेकव्हॅनमध्ये विसरलेलं.
कागद कळण्याच्या भाकरीसारखा, हात लावला की तुकडा पडे.
वर पितळी दाराचं चित्र, दारातून हिरवा उजेड,
आणि हॅट सावरत आत पाय टाकणारा माणूस.

आप्पा मॅट्रिकला दोनदा बसलेला.
कंदिलापाशी एकेक ओळ बोटाखाली दाबून सांगायचा,
"त्या खोलीत येक रात काढली
का भायेर चायीस वर्सं निंघून जाता.
आपल्या वखारीचं उलटं हाये, पोरांनो."
प्रोफेसराचा चेला आत अडकलेला.
प्रोफेसर कमरेला दोर बांधून निघालेला,
दोराचं दुसरं टोक बायकोच्या हातात.

इथंच पुस्तक संपायचं.
शेवटची सोळा पानं नव्हती.

मग शेवट आप्पाच करायचा, दर धुरीला नवा.
कधी दोर ओढला तर नुसती हॅट यायची.
कधी दोर नातीच्या हातात असायचा,
ती विचारायची, कोण पाहिजे तुम्हाला?
आणि एकदा प्रोफेसर एकटाच बाहेर आला,
गावात ओळखीचं कुणी उरलेलं नाही,
त्याच दाराशी राखणीला बसला. पगार महिन्याचा महिन्याला.
"हॅट्, हा काय शेवट!"
आम्ही त्याच्यावर सालं फेकली.
आप्पा हसला, सालं वेचून बकरीला घातली.
तो शेवट पुन्हा सांगितला नाही.

परवा जळगावात रद्दीच्या दुकानात
तेच पितळी दार दिसलं. पानं पुरी.
उभ्या उभ्याच शेवटाकडे गेलो.
प्रोफेसर बाहेर येतो.
दोर खिळ्याला बांधलेला.
दाराशी एक स्टूल, रिकामं.
तो बसतो.

मला आप्पाच्या पुस्तकाची कड आठवली.
फाटलेली नव्हती ती.
सरळ होती,
घड उतरवायच्या विळ्यानं
एका झटक्यात कापावी तशी.

रद्दीवाला म्हणाला, घेता का?
किलोवर आहे.
एकट्याचं वजनच येत नाही काट्यावर,
अजून काहीतरी टाका.