मागची बाजू

तलावपाळीजवळ, कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर
यशवंतबुवा ठोसरांची जन्मशताब्दी मांडली आहे.
चष्मा, एकाच काडीचा.
तारांची पत्र्याची डबी.
रेडिओचं पत्र : आवाज चाचणीत अनुत्तीर्ण.
आणि छत्री, जिची मूठ म्हणे
शिष्य चुकला की जमिनीवर आपटायचे, बरोबर समेवर.

छत्रीपाशी मी फार थांबले नाही.

पाचव्या पेटीत एक पिवळा कागद, वीतभर.
पेन्सिलीने लिहिलेली तोडी, मध्यलय, त्रिताल.
अस्ताई ऐसपैस,
अंतरा मावला नाही म्हणून समासात आडवा,
आणि त्यात मुद्रा : रिनिया.

फलक सांगतो, रिनिया म्हणजे ऋणी.
गुरूच्या ऋणात आजन्म राहिलेल्या
साधकाची ही नम्रता.

असेल.
पण पलीकडची शाई अलीकडे फुटलीय,
आरशात दिसावी तशी उलटी,
आणि तो 'ळ' मी कुठेही ओळखेन.
जांभळी नाक्यावर, ढेपेमागे बसून
आजोबांनी जन्मभर हाच काढला,
पोट सुटलेला 'ळ'.
चौतीस वर्षं सहकारी बँकेत
सह्या पडताळल्यात मी.

रखवालदाराला म्हटलं, जरा उलटा करून दाखवता?
म्हणाला, मावशी, सील आहे.
मग त्यालाच सुचलं, पेटीचा तळही काचेचाच आहे.
मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले,
त्याने मोबाइलचा दिवा धरला :

गूळ १ शेर
साबूदाणा अर्धा शेर
कंदिलाच्या वाती
मागील बाकी धरून
चार रुपये सात आणे.

आजोबांना सूर कळत नव्हता.
आरतीत त्यांच्या हातून टाळ काढून घ्यायचे लोक.
बाबा दर दिवाळीला वही पुढे करायचे,
या ठोसरांचं काय करायचं?
आजोबा तराजूची पारडी पुसत म्हणायचे,
राहू दे. माणूस विसरणारा नाही.

कोपऱ्यात बटण दाबलं की बंदिश लागते.
कुणी शिष्या गाते आहे, घसा जरा बसलेला.
'रिनिया'वर येते, अडते, पुन्हा येते,
दरवेळी निराळ्या दारातून
त्याच उंबऱ्यावर.

रखवालदार विचारतो, म्हणजे पैसे राहिलेच का?

अभिप्रायाच्या वहीत
वरच्या पानभर 'अप्रतिम', 'दैवी', 'पुन्हा होणे नाही'.
मी खाली लिहिलं : रु. ४, आणे ७.
आणि पुढे, हाताच्या सवयीने,
बरोबरची खूण.