उभे धागे

वूचच्या बागेत फरशीला कान आहेत.
पाय ठेवला की पाणी उठतं,
काढला तरी क्षणभर घुटमळतं,
मग बसतं.

बोगुमिला चपला काठावर काढते,
मोजे त्यांत कोंबते.
एकतीस वर्षं कापडगिरणीत;
डावा कान तिथंच राहिला.

एक फरशी दाबते, मग तिसरी,
घाईनं पाचवी.
पाणी ताठ, पांढरं,
खळ दिलेल्या सुतासारखं.
मागं पोरं कुरकुरतात: आजी, आता आमची पाळी!
नेमकी डाव्या बाजूनं.

"उभे आहेत सगळे," ती पुटपुटते,
"आडवा कुठंय?"

तेवढ्यात रांगेतून तिमेक निसटतो,
ओल्या चड्डीनं या टोकाचा त्या टोकाला
आणि परत.

"हळू रे, धोट्या," ती म्हणते,
"तुटला तर गाठ मलाच मारायचीय."