एकच अनडू

उदगीरला, शिलाई मशीनच्या टेबलावर
शहाण्णव सालचा कॉम्प्युटर मी पुन्हा मांडला.
याच्यावर लग्नपत्रिका जुळवल्या कितीतरी हंगाम,
मग तो माळ्यावर
ज्वारीच्या रिकाम्या पोत्याखाली झोपून होता.
झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यात वाळकी पाल.

बायको म्हणाली, "हे काय करलालाव आता?"

आठ फ्लॉप्या. चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात आकडे.
पहिली गेली. दुसरी गेली.
तिसरी घरघरली, जात्यात खडा आल्यासारखी,
पण गेली.
सहावीला बुरशी.
मेडिकलातून स्पिरिट आणलं, कापूस आणला,
पत्रा सरकवून आतली तपकिरी चकती पुसली
लेकराचा कान पुसावा तशी.
पुन्हा प्रयत्न करू? त्यानं विचारलं.
कर बाबा.
अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा कर म्हणालो.
माणसाला इतक्यांदा कुणी विचारत नाही.

नाव विचारलं. लिहिलं.
संस्था विचारली.
पूर्वी तिथं नंदी ग्राफिक्स लिहायचो.
रिकामं सोडलं तर पुढं जाईना,
म्हणून 'घर' लिहिलं.

गुरूबाई आत्याचा तरुणपणीचा एकच फोटो,
एकोणऐंशीच्या शिवणक्लासचा,
गालावरून फाटलेला.
पुतण्यानं तो मोबाइलात घातला,
एका सेकंदात सांधला.
नुसता सांधला असता तर बरं.
आत्या गोरी झाली, नाक सरळ झालं,
आणि हनुवटीवरचं गोंदण गेलं.
"डाग होते की ते, काका."
देवणीच्या बाजारात सुईनं टोचलेले,
तीन दिवस तापात काढलेले
डाग.

या डब्याला चेहरा कळत नाही.
म्हणून तर खाली काढला.
सांगितल्याशिवाय एक ठिपका हलवत नाही.

पडद्याचा ड्रायव्हर हरवलाय, त्यामुळं रंग सोळाच.
निळे दोन, हिरवे दोन, एक भडक जांभळा,
आत्याचा रंग त्यात नाही.
मग गडद तांबडा, शेजारी पिवळा,
मध्ये काळा, पुन्हा तांबडा,
तुरीत मूग पेरावा तसं पेरत गेलो.
जवळून बघितलं तर नुसती पुरळ.
खुर्ची सारली, उंबऱ्यापर्यंत गेलो,
वळून बघितलं,
आत्याचा गाल.

अनडू एकच.
एक पाऊल मागे, त्याच्या मागे काही नाही.
चुकलं तर लगेच कबूल करायचं,
दुसरी चूक करायच्या आत.
आणि दोन रेघा झाल्या की सेव्ह,
कारण तीनला लाईट जाते,
कधी पावणेतीनलाच.

फाट भरायला सात दुपारी लागल्या.
गोंदण शेवटी घेतलं.
चार ठिपके, हिरवट काळे.
चौथा जरा ओठाकडं कललेला,
तोही हात न लावता तिथंच राखला.

रविवारी आत्या आली.
चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं.
"ही कसली खरूज रे?"
दारात नेऊन उभी केली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "हा वरचा कुठला?"
"गोंदण."
"तीनच हाय माझं."
हनुवटी पुढं केली. तीनच,
सुरकुतीत बुडालेले.
चौथी माशीची घाण, फोटोवर बसलेली,
मी आठवडाभर जपलेली.

माउस धरला. पुसतो म्हणालो.
"राहू दे की. बरा दिसलालाय."

मग खांद्याकडं बोट नेलं.
खांद्यावर एक हात होता, नुसता हात,
तीन बांगड्यांचा.
"शकीलाचा हात ठेवलास. शकीला कुठाय?"
फ्लॉपीत मावली नाही, मी म्हणालो,
पुतण्यानं कापली.
"मग दुसरी फ्लॉपी घे,"
आत्या म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.