चौथा वार

पेटी उघडली तर आधी वास आला,
ओल्या नाण्यांचा, आणि थोडा बडीशेपेचा.
मग ते सात दिसले, निळ्या मखमलीच्या सात खाचांत,
प्रत्येकाच्या कण्यावर एकेक वार कोरलेला.
आमच्या भाषेत वारांना नावं नाहीत, आकडे आहेत:
दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा.
शनिवार-रविवार तेवढे नशीबवान.

ओल्यांवचं वारं खारट.
गच्चीवर वाळलेला शर्ट चाटून बघा.
खिडकीच्या कड्या, सायकलची साखळी, आईचा तवा,
एकेकाला चाखत ते गावभर फिरतं.
वस्तऱ्यांना का सोडेल?
आणि पेटी तर दीड वर्ष बंद,
बाबांच्या उजव्या हातानं त्यांचं ऐकणं सोडलं
तेव्हापासून.

मुठींवर चिकटपट्टी आहे, दवाखान्यातली.
बोटं घसरायला लागली तेव्हा गुंडाळली असणार,
कुणाला न सांगता.
गिऱ्हाइकांना वाटलं, ज़ेफेरीनोची नवी तऱ्हा.
दोन उन्हाळ्यांत गोंद वितळला,
बिजागरीत उतरला, पात्याच्या मानेवर गोठला,
आणि त्यात केस: काळे, करडे, एक तांबूस.
तांबूस म्हणजे दीपगृहावरचा एल्पीडियो,
दुसरा कोण.

नखानं खरवडलं, नख काळं झालं.
मग आठवलं, आधी तेल.
ऑलिव्हचं, स्वयंपाकघरातलंच. लावायचं आणि विसरायचं.
गोंद जोराला बधत नाही, तेलाला भुलतो.
तासाभरानं पट्टी सापाच्या कातीसारखी निघाली.
उरलेल्या चिकट्याला स्पिरिट,
बिजागरीत काडीला गुंडाळलेला कापूस,
आणि गंजाला बुचाचा तुकडा, त्यावर चाळलेली राख.
कण्याकडून धारेकडे. उलटं कधीच नाही.
तांबडं निघतं. काळे खड्डे राहतात,
देवी येऊन गेलेल्या गालावर राहतात तसे.

तिसरा गेलाच. खड्डा थेट धारेपर्यंत.

लक्झेंबर्गहून अबिलियोचा फोन:
वीक ना सगळे, हौशी लोक पैसे देतात.
म्हटलं, हात तेलाचे आहेत, नंतर बोलू.

सातवी खाच. रविवार.
पट्टी नाही, गंज नाही,
तेलकट कागदात बाळासारखा गुंडाळलेला.
पात्यात माझा डोळा दिसला, पापणीसकट.
पण रविवारी तर दुकान बंद असायचं.

खुर्चीशी नेऊन दाखवला.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, तुटक:
"समुद्रानं परत दिलेल्यांसाठी."

मला त्या रात्री आठवल्या.
दारावर थाप, कुणाची तरी ओली टोपी,
बाबा छोटी पिशवी घेऊन बाहेर,
आणि आई म्हणायची, देओलिंदा, झोप, काही विचारू नकोस.
सकाळी ते कुणाशीही बोलायचे नाहीत,
नुसते पुसत बसायचे.
"क्वचित लागतो," ते म्हणाले, "म्हणून तेल जास्त."

मी तो कागदात परत गुंडाळला.
अंगठ्याएवढं तेल वर आणखी.

आज चौथा वार.
चौथ्याला पट्ट्यावर तीस फेऱ्या दिल्या,
पाणी तापवलं, टॉवेल पिळला.
गालाची कातडी बोटाखाली ताणताना कळलं
की हा गाल मी कधीच हातात धरला नव्हता.
त्यांनी डोळे मिटले नाहीत.
माझ्या मनगटावर नजर, जुन्या मालकाची.
हनुवटीखाली एकदा थोडं रक्त आलं.
ते हसले, किंवा तोंडच तसं झालंय आता.

"पूस," म्हणाले. पुसला.
"परत."
परत पुसला.
मिटायला गेले, तर मान हलवली: ओल असते, दिसत नाही.
म्हणून तो उघडाच आहे अजून,
टेबलावर, खिडकीपासून लांब,
पात्याखाली घडी घातलेला रुमाल.