आधी यादी, मग स्वीकार

लेंडर्ट,
नोटरीच्या टेबलावर बाबांचं घर होतं,
म्हणजे घराचा कागद, आणि खाली तीन चौकोन.
स्वीकार.
नकार.
आणि तिसरा, जो फारसं कुणी वाचत नाही:
आधी देण्याघेण्याची यादी, मग स्वीकार.

तू पहिल्यावर खूण करून मोकळा झालास.
तुझ्या वाट्याला छप्पर, कालव्याकडची खिडकी
आणि आजीची चांदीची किसणी,
तिच्या डबीत अजून अर्धं जायफळ.
मी एकतीस वर्षं अशाच कचेरीत खर्डेघाशी केलेली,
माझा हात तिसऱ्या चौकोनावर अडला.
तू हसलास. "सुरुवात कुठून करणार, यिकमिन?"

बांदापासून, म्हटलं. सोळाशे एकवीसपासून.

आपलं कुणी त्या जहाजांवर होतं का?
नाही सापडलं.
सापडला तो एक पिंपं बांधणारा,
कंपनीच्या वखारीत, आपल्याच आडनावाचा.
त्यानं कुणाला मारलं नाही.
लाकूड वाकवलं, पट्ट्या ठोकल्या.
पिंपांत काय भरायचे ते त्याला वासावरून कळत असणार.

"मी कुणाला मारलं?"
दर नाताळात तू विचारतोस,
फ्लॉवरवर जायफळ किसता किसता.
कुणालाच नाही रे.
तू तर घरातला कोळीसुद्धा
पेल्याखाली धरून बागेत सोडतोस.
पण मी गुन्ह्याबद्दल बोलतच नाहीये.
गुन्हा करणाऱ्याबरोबर पुरला जातो.
देणं नाही पुरलं जात.
ते घराबरोबर येतं,
भिंतीतल्या ओलीसारखं,
कितीही रंग काढा.

म्हणून गेले. बांदाला नव्हे.
तिथून होड्यांतून निसटलेली माणसं
जिथं किनाऱ्याला लागली त्या केई बेटावर.
बांदात आता कुणी बोलत नाही ती बोली
तिथं पोरं भांडताना वापरतात.

रुगाया मडकं थापटत होती.
आत दगड, बाहेर फळी, चाक नाहीच.
मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं.
दुभाष्या पोरगा लाजला,
त्यानं ते बरंच आखूड करून सांगितलं.
ती थापटत राहिली.
मग म्हणाली, "बरं. हे ठेवू कुठं?"
आणि सगळ्या बायका हसल्या, मीही,
कारण खरंच, कुठं ठेवायचं?

काठ वळवून झाल्यावर तिनं विचारलं,
"तुमच्याकडे वह्या आहेत म्हणतात.
त्यांत आमचं कोण कोण आहे?"

आता मंगळवारी हेगला जाते.
अक्षर सुरेख आहे, लेंडर्ट,
आपल्या बाबांसारखं, उजवीकडे कललेलं.
जायफळ इतके पौंड. जायपत्री इतकी.
माणसं इतकी.
पैकी वाटेत कमी, इतकी.
हिशेब चुकत नाही कुठंच. मी तीनदा बेरीज केली,
सवयीनं,
आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

नाव क्वचित लागतं.
सात आठवड्यांनी एक लागलं,
आपल्या कुणा कानानं ऐकून मोडून ठेवलेलं.
ते पाठवलं. उत्तर यायला पावणेदोन महिने.
"असलं नाव नसतं," पोरानं लिहिलं होतं,
"पण आजी म्हणते, हे असेल",
आणि खाली त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव.

तुला वाटतं याला अंत नाही.
मलाही वाटतं तसं, परतीच्या गाडीत, बऱ्याचदा.
मग नकाराचा चौकोन आठवतो.
तो खरा होता, लेंडर्ट, कुणी अडवलं नव्हतं आपल्याला.
फक्त नकार दिला की खिडकीही जाते,
कालवाही, त्यावरचं संध्याकाळचं ऊनही.
ते तर आपण घेतलं.

किसणीबद्दल रुगायाला विचारलं होतं मी.
परत देऊ का, म्हटलं.
ती म्हणाली, "आमच्याकडे सुरी आहे."

तेव्हा राहू दे तिथंच, खणात.
नाताळला येते. फ्लॉवर कर,
जायफळही घाल, त्याशिवाय तो पांचट लागतो.
किसता किसता विचार मला
यादी कुठवर आली.
ऐकायला वेळ लागेल.
थंड झालेलं चालेल मला.