मिठागर इलेव्हनची वही

पहिलं पान पोर्तुगीजमध्ये,
इनास बार्रेतोच्या तिरक्या अक्षरात :
चेंडू एक, ब्लॅडर दोन, पंप नाही.
पुढच्या पानापासून मराठी,
कारण इनास आफ्रिकेच्या बोटीवर चढला
आणि सेक्रेटरी झाला शाबलो मास्तर.

मैदान आमचं कधीच नव्हतं.
भात कापून झालं की
कोमुनिदादीचं शेत उसनं मिळायचं,
खुंट अनवाणी पायांना बोचायचे.
एका गोलामागे खुरीस, दुसऱ्यामागे मानशी.
चेंडू मानशीतून वाहून गेला तर
भरती कुणाच्या बाजूची,
यावर एकदा अर्धा तास भांडण.
निकाल : बरोबरी.

चषक उभ्या आयुष्यात एक,
त्याचाही कान तुटका.
अंतिम सामन्याला समोरचे आलेच नाहीत,
फेरीबोट बंद पडली होती.
हे वहीत नाही.
वहीत आहे : विजयी.

मग नावांपुढे गोलांऐवजी गावं येऊ लागतात.
कुवेत. बाहरीन. तारवार. लिस्बन.
गोलकीपर फोंडूपुढे फक्त :
वारला. आगशीविरुद्ध दोन पेनल्टी अडवल्या होत्या.

परवाच्या उधाणाला बांध फुटला.
शेतभर खारं पाणी,
गोलाचा एकच खांब उभा,
त्यावर पाणकावळा पंख पसरून,
फोंडू उभा राहायचा तसा,
थोडा डावीकडे झुकून.

वही आता माझ्याकडे.
सुकतीला तासभर चिखल उघडा पडतो.
काल पाच पोरं आली, त्यात एक मुलगी, डावखुरी पायाची.
शाबलो मास्तरानंतरची कोरी पानं उलटली
आणि लिहिलं :
चेंडू एक. थोडा बसलेला.
पंप आहे. सायकलचा. माझा.